माणसासारखा ठेका

मी वाजवून दिलेला तबल्याचा ठेका कॉम्प्युटरवर आता कवायतीला उभा होता. एकेक बोल म्हणजे एकेक चौकोन, सगळे एका रांगेत. मुलीने प्रोग्रॅममध्ये काहीतरी बदललं आणि चार-दोन चौकोन मागेपुढे सरकले.

"बाबा, आता ऐका. अगदी माणसासारखं वाजतंय!"

माझं डोकंच फिरलं. "हा 'धा' कोणासाठी थांबला?"

"कोणासाठी नाही. कुठलाही बोल आपोआप थोडा चुकतो."

चुकतो? हिची आई गायची तेव्हा समेवर येण्याआधी एक श्वास घ्यायची, आणि तेवढाच माझा 'धा' रेंगाळायचा. या डबड्याला नुसतं अडखळता येतं.

"बंद कर ते," मी ओरडलो. "त्याला आधी तुझ्या आईचा श्वास ऐकू येऊ दे, मग चुकू दे."