अधिकाराबाहेरची हाक

माझी ताई आर्किटेक्ट आहे आणि मी वकील. आमचं ऑफिस एकच. मध्ये कपाट उभं करून त्याचे दोन भाग केलेत. कपाटाच्या त्या बाजूला ताई इमारती उभ्या करते आणि या बाजूला मी, त्या इमारतींपायी तिच्यावर काय काय कोसळू शकतं याचा विचार करत बसते. आई म्हणते, एकीनं बांधायचं आणि दुसरीनं घाबरायचं, अशी वाटणीच करून घेतलीय या पोरींनी.

ताईला घेऊन चारचौघांत जायची सोय नाही. कुणाकडे पहिल्यांदा गेलो की यजमान पाणी पुढे करतात आणि ही छताकडे बघत असते. एका लग्नात सगळे नवरानवरीभोवती फोटोला उभे, आणि ही स्टेजच्या मागे, झुंबर कशाला अडकवलंय ते बघायला. दाढ दुखत होती म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेलं, तर तोंड उघडं असतानाच बोटानं त्याला खिडकीवरची भेग दाखवायला लागली. आणि हे सगळं फुकट! माझा संताप होतो तो इथे. फुकटचा सल्लाही सल्लाच असतो, उद्या तो चुकला तर ‘मी कुठे पैसे घेतले होते’ म्हणून सुटता येत नाही. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. ती मान डोलावते आणि पुढच्या घरी पुन्हा वर बघते.

म्हणून एका संस्थेच्या वाचनालयाचं काम मिळालं तेव्हा करार मी लिहिला. आजवरचं तिचं सगळ्यात मोठं काम होतं ते. दोन मजले उंचीची वाचनाची खोली, मध्ये एकही खांब नाही, वरून उजेड. ताईला आभाळ ठेंगणं झालं होतं. जेवताना, चालताना, दात घासताना तेच. मी मात्र कलमं घट्ट विणत बसले होते. नकाशे ताईचे. बांधायचं कसं, स्लॅबखालचं टेकू-फळ्यांचं सेंट्रिंग कसं उभारायचं, माणसांची काळजी कशी घ्यायची, हे सगळं ठेकेदाराचं. ताईनं साइटवर जायचं, बघायचं, काही खटकलं तर संस्थेला कळवायचं. ठेकेदाराचं काम थांबवायचा अधिकार तिला नाही.

“म्हणजे समोर चुकीचं दिसलं तरी गप्प?” ताई म्हणाली.

“गप्प नाही, संस्थेला कळवायचं. अगं, जो हुकूम देतो त्याच्याच गळ्यात जबाबदारी पडते. तू एकदा म्हणालीस की ही फळी इथे लावा, की ती फळी तुझी. आणि विमा कंपनी तुझ्या मागे उभी राहते ती करारातल्या कामापुरती. बाहेर पाऊल टाकलंस की तुझं तू बघ.”

“तोंडाला कुलूप, असंच ना?”

“कुलूप. आणि किल्ली माझ्याकडे!”

हसली. सही केली. मला वाटलं, चला, एकदाची माझी बहीण सुरक्षित झाली.

मोठा स्लॅब ओतायचा होता त्या दिवशी मी हौसेनं साइटवर गेले. मला तो दिवस फार आवडतो. नुसती धमाल असते! पंपाचा तो लांबलचक दांडा हत्तीच्या सोंडेसारखा वर गेलेला, एकामागून एक काँक्रीटच्या गाड्या लागलेल्या, वर गमबूट घातलेली माणसं, काँक्रीट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची घरघर, आणि या सगळ्यावर ठेकेदाराचा आवाज. हा माणूस खाली, टेकूंच्या रानात उभा राहून वरच्यांशी बोलायचा आणि त्याला मोबाइल लागायचा नाही. माझ्या डोक्यावरचं हेल्मेट सारखं नाकावर येत होतं, पण मी खूश होते.

ताई टेकूंमधून हिंडत होती. लोखंडी टेकू, दोन मजले उंच, ओळीनं उभे. चालता चालता तिनं एका टेकूला सहज हात लावला. तो हलला.

मी दारातून बघत होते. हलला तर हलला, मला त्यात काहीच वाटलं नाही. ताई मात्र खाली वाकली. टेकू भरावाच्या मातीवर उभा होता, बुडाशी फळी नव्हती, आणि पंपाकडून वाहत आलेलं पाणी त्या मातीत मुरत होतं. तिनं शेजारच्या टेकूला हात लावला. तोही सैल. त्याच्या पलीकडचा तिनं नुसता नजरेनं बघितला. तो मधोमध किंचित वाकला होता. मग माझ्या बहिणीनं जो आवाज काढला, तो मी जन्मात ऐकला नव्हता.

“बाहेर! सगळे बाहेर या! वरचे, उतरा! आत्ता!”

पळापळ! घमेली पडली, व्हायब्रेटर तसाच फिरत राहिला, वरची माणसं कडेच्या शिडीवरून धडाधड खाली आली. खालची माझ्या अंगावरून दारातून बाहेर पडली. कोण कुणाला ढकलतंय काही कळेना. पंप थांबला. सगळ्यांत शेवटी ताई बाहेर आली, धुळीनं माखलेली, आणि आम्ही सगळे लांब उभे राहून त्या अर्ध्या स्लॅबकडे बघत राहिलो.

तो पडला नाही.

हीच तर खरी पंचाईत झाली! वरचं वजन वाढायचं थांबलं आणि स्लॅब होता तिथेच राहिला. पंपाच्या नळ्यांमध्ये काँक्रीटचा दगड झाला. अर्धा झालेला स्लॅब फोडायला लागला. त्याआधी ठेकेदाराच्या माणसांनी सगळे टेकू फळ्यांवर घट्ट बसवून टाकले होते, त्यामुळे टेकू सैल होते याचा पुरावाही उरला नाही. आणि मग ठेकेदारानं नुकसानीचा दावा लावला. त्यात एकच मुद्दा होता: आर्किटेक्टबाईंनी अधिकार नसताना हुकूम दिला, म्हणून पंप बंद करावा लागला. संस्थेनं हात झटकले, आम्ही कुठे थांबवायला सांगितलं होतं? विमा कंपनी माझंच कलम मला वाचून दाखवायला लागली. दावा मान्य झाला असता तर ऑफिस विकावं लागलं असतं, कपाटासकट. त्याहून वाईट म्हणजे साइट बंद पाडणारी बाई असं नाव झालं असतं, आणि मग तिला कुणी कुत्र्याचं घरही काढायला दिलं नसतं.

मी दिवसरात्र त्या दाव्यावर डोकं आपटत होते. आणि एका सकाळी चहा गाळताना मला सुचलं. गाळणं तसंच टाकून मी ताईच्या बाजूला धावले.

“ताई, तू ‘काम थांबवा’ म्हणालीसच नाहीस! तू म्हणालीस, ‘बाहेर या’!”

“बरं, मग?”

“मग काय मग! रस्त्यानं जाणारा माणूसही ओरडतो, अहो, बाजूला व्हा! त्याला करार लागतो का? कलम लागतं का? तू आर्किटेक्ट म्हणून ओरडलीच नाहीस. तू वाटसरू म्हणून ओरडलीस! पंप कुणी थांबवला तो थांबवला, आपला काय संबंध?”

पंप कुणाच्या सांगण्यावरून थांबला हे त्या गोंधळात कुणालाच धड आठवत नव्हतं, त्यामुळे माझी बाजू भक्कम होती. ताईनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग “बरं,” म्हणाली. मी तिला उचलून गोल फिरवायची तेवढी बाकी होते.

सुनावणी एका साध्या खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, करकरणारा पंखा. ताईनं आत आल्या आल्या पंख्याचा हूक बघून घेतला. लवाद म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते, शांत, कमी बोलणारे. समोर ठेकेदार आणि त्याचा वकील. मी वाटसरूचा मुद्दा असा रंगवून मांडला की समोरचा वकील कागद चाळायला लागला. मला आतून उकळ्या फुटत होत्या. जिंकलो होतो आम्ही!

न्यायाधीशांनी ताईकडे वळून विचारलं, “बाई, तुम्हीच सांगा. तुम्ही वाटसरू म्हणून ओरडलात की आर्किटेक्ट म्हणून?”

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. एकच शब्द बोलायचा होता तिनं.

“आर्किटेक्ट म्हणून,” ताई म्हणाली.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. समोरच्या वकिलाचा चेहरा असा काही फुलला की मला त्याला बाटली फेकून मारावीशी वाटली.

“वाटसरूला ते दिसलंच नसतं,” ताई सावकाश सांगत होती. “माझी बहीण दारातच उभी होती. तिनंही टेकू हलताना बघितला, पण तिला काही कळलं नाही. डोक्यावर ओलं काँक्रीट असताना टेकू हातानं हलतो, याचा अर्थ त्यानं भार सोडलाय आणि तो शेजारच्यावर गेलाय. हे शिकायला माझी निम्मी हयात गेली. ते बाजूला ठेवून मी कशी ओरडणार?”

“तुम्हाला अधिकार नव्हता, हे माहीत होतं?”

“होतं. करार माझ्या बहिणीनंच लिहिलाय. चांगला लिहिलाय.”

मला रडू यायला लागलं. रागानं की कशानं, देव जाणे. न्यायाधीशांनी काहीतरी टिपून घेतलं आणि ते ठेकेदाराकडे वळले.

“बाईंना अधिकार नाही, हे तुम्हालाही माहीत होतं ना?”

“होतं, साहेब.”

“तुम्ही तेव्हा कुठे होतात?”

“स्लॅबच्या खालीच.”

“मग बाहेर का आलात?”

त्याच्या वकिलानं पटकन काहीतरी बोलायला तोंड उघडलं. न्यायाधीशांनी नुसता हात वर केला. ठेकेदार बाटलीचं झाकण फिरवत बसला होता.

“मॅडम ओरडल्या म्हणून.”

“दुसरं कुणी ओरडलं असतं तर?”

“तर दोन शिव्या हासडल्या असत्या आणि काम चालू ठेवलं असतं.” त्यानं झाकण खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच ताईकडे बघितलं. “माझा धाकटा भाऊ होता वर, व्हायब्रेटर धरून. मॅडमच्या तोंडून ‘उतरा’ ऐकलं आणि मी वर बघितलं नाही की खाली बघितलं नाही. पंपाचं त्या काही बोलल्याही नव्हत्या, पण बाहेर पडलो तो थेट पंपाकडे पळालो.”

“शेठ, थांबा जरा,” त्याचा वकील बाही ओढत होता.

त्यानं बाही सोडवून घेतली.

“लिहून घ्या, साहेब. पंप मी बंद केला.”