आतून न उघडणारी गाडी

मानपाड्याहून ठाण्याला लोक एसटीने जातात. आम्ही एका क्रांतीत बसून निघालो. क्रांती म्हणजे आमच्या कारखान्याची नवी गाडी. जीपपेक्षा मोठी, मिनीबसपेक्षा लहान आणि आमचे मालक देवस्थळी साहेब यांच्या मते दोन्हींपेक्षा श्रेष्ठ.

ऐंशीच्या दशकात आम्ही उघड्या जीपांना ताडपत्रीऐवजी पत्र्याचे टप बसवून द्यायचो. नव्वदनंतर साहेबांना वाटलं, टप आपला आहे तर अख्खी गाडीच आपली का नको? मी तिथला ड्राफ्ट्समन. कल्पना त्यांच्या, रेघा माझ्या. एकाच सांगाड्यावर आम्ही तीन प्रकार काढले: साधी, डिलक्स आणि सुपर डिलक्स. डिलक्सला सरकत्या काचा. सुपर डिलक्सला पडदे आणि चारही चाकांना ताकद. साधीला काय द्यायचं यापेक्षा तिचं काय काढायचं यावरच बैठका व्हायच्या. शेवटच्या बैठकीत मागच्या दाराची आतली मूठ गेली.

"मागे बसणाऱ्याला घाई कसली? ड्रायव्हर उतरून उघडेल की," साहेब म्हणाले. मी निमूटपणे खोडरबर उचलला.

ठाण्यात खोपटला असणाऱ्या सावंतांना प्रवासी वाहतुकीसाठी गाड्या हव्या होत्या. साहेब आणि मी त्यांना साधी दाखवायला निघालो होतो. ती पसंत पडली नाही तर कारखान्याला टाळं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे निघताना नारळ जरा जोरातच फुटला.

शिळफाट्यापर्यंत गाडीने प्रत्येक खड्ड्याची जातीने चौकशी केली. मुंब्र्याच्या अलीकडे एक कोळीण पाटी (मासळीची टोपली) घेऊन उभी होती. साहेबांनी गाडी थांबवली.

"या मावशी, ठाण्याला सोडतो."

मला त्यांच्या दयाबुद्धीचं कौतुक वाटणार, एवढ्यात ते कुजबुजले, "जाहिरातीच्या फोटोत मागे कुणीतरी बसलेलं दिसायला हवं."

फोटोसाठी त्यांना खाडी हवी होती. मी कॅमेरा घेऊन बांधावर उतरलो. चिखलात निवट्या (उड्या मारणारे छोटे मासे) खेळत होत्या, पलीकडे पारसिकचा डोंगर. दृश्य खरंच सुंदर होतं. पाठीमागे पाणी यावं म्हणून साहेबांनी गाडी उलटी खाली घेतली आणि मागची चाकं रुतली. डोंगरदऱ्या जिंकणारी आमची गाडी शेपटीवर बसली.

साहेब पुढच्या दाराने उतरले. मावशी मागेच. मध्ये लोखंडी जाळी, कारण साधीत सामानही न्यायचं होतं. मागचं दार अर्धं चिखलात, बाहेरून ओढून हलेना. काचा न सरकणाऱ्या. आणि भरती लागली होती.

"आरं, दार उघर!" मावशी आतून थापा मारत होती. पाणी आत शिरून तिच्या घोट्यापर्यंत आलं.

साहेब पांढरेफटक. पण बाजूची काच मीच काढली होती, कागदावर. ती नुसत्या रबरी पट्टीवर टिकते हे मला ठाऊक होतं. पुढच्या दारातून पेचकस घेतला, पट्टीचं टोक उचकटलं आणि ओढत सुटलो. काच चिखलात पडली. मावशीला काखेत धरून खेचलं. ती, तिची पाटी आणि मी असे तिघे खाडीत पडलो.

उठून तिने लुगडं पिळलं. "आत जायाला दार हाय, भायेर यायाला नाय? कोनी केली रे ही गारी?"

"मी," मी म्हणालो. तिने सांडलेली मासळी पाटीत गोळा करायला घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिच्या गावचे पाचसहा जण होडीचा दोर घेऊन आले. त्यांनी गाडी ओढून काढली आणि वर आम्हाला तांदळाची भाकरी नि सुकटही खायला घातली. मावशीला ठाण्याला सोडायची आमची तयारी होती. ती चालत निघाली.

खोपटला आम्ही पोचलो ते चिखलाच्या वासासकट. सावंतांनी नाकाला रुमाल लावून गाडीभोवती फेरी मारली.

"तिन्ही प्रकारांत फरक काय?"

"फक्त सजावटीचा," साहेब म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर कारखान्यातली माणसं आली. मग काचेवर आपटणारे तळवे आले.

"साधी आतून उघडत नाही," मी म्हणालो. "आज एक बाई मरता मरता वाचली."

सावंतांनी मागचं दार उघडून त्याची आतली बाजू चाचपली. "मूठ लावा, मग बघू. अशी मला फुकटसुद्धा नको."

परतताना मुंब्रा ओलांडल्यावर साहेब म्हणाले, "नेने, तू मला तोंडघशी पाडलंस."

"हो."

गिअर बदलत ते म्हणाले, "ती दार बडवत होती ना, तेव्हा मला काहीच सुचलं नाही रे." मग घसा खाकरून, "उद्या सगळ्या गाड्यांना मुठी लाव."

सावंतांनी दोन गाड्या घेतल्या, आणखी काही इकडे तिकडे खपल्या. पुढे मोठ्या कंपन्यांच्या गार हवेच्या गाड्या आल्या आणि आमची क्रांती संपली. प्रगतीच्या इतिहासात आम्ही भर घातली ती एवढीच: आमच्या गाडीत बसलेला माणूस स्वतःच्या हाताने बाहेर पडू शकत होता. ते सुचायलाही आम्हाला खाडीत जावं लागलं.