वरच्या खोलीचा पाहुणा

आता कोणत्या तोंडानं सांगू? ऐकाल तर मलाच वेड्यात काढाल!

इथं निजामाच्या शहरात, बरकतपुऱ्यात आमची वरची खोली रिकामी होती. मिलिंदला, माझ्या मुलाला, ती एका परदेशी विद्यार्थ्याला द्यायची होती. पोराला कुणी खोलीच देईना. आमच्या बिल्डिंगवाल्यांचंही "नक्को!"च. शेवटी ठरलं, आबांनी त्याला जेवू घालून पारखावं. आबा "हौ" म्हणाले, तरच खोली.

आबा म्हणजे मी! शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस एकदम साहेबच झालो की!

रविवारी मिलिंद लिंबं आणायला गेला, तोच बेल वाजली. दारात उंच, काळा, कुरळ्या केसांचा गडी. खांद्याला पिशवी. परदेशी म्हणजे आणखी कसा असतो हो?

"चच्चा, वो..."

"नो टॉक! कम! सिट!" माझं सगळं इंग्रजी तिथंच संपलं.

त्याला भाकरी कशी मोडायची ते दाखवलं. ठेचा वाढताना "फायर! फायर!" करत नाचलो. बिचारा मुकाट जेवत होता.

पुन्हा बेल! सावळा, किडकिडीत पोरगा, थेट आमच्या नांदेडकडचा वाटावा असा. फ्रीज दुरुस्तीवाल्याला बोलावलंच होतं. दंडाला धरून त्याला स्वयंपाकघरात नेलं, फ्रीज दाखवला आणि पाहुण्याकडं परतलो.

पाहुण्यानं ढेकर दिला. "चच्चा, खाना एक नंबर! अब फ्रीज बताते क्या?"

मी गारच पडलो! "तू... परदेशी नाही?"

"कइकू परदेसी? हम सिद्दी लोगां, निजाम के जमाने से इधरिच. आप कां के?"

"नांदेडचा. नोकरीसाठी आलो."

"लो! बाहर के तो आप निकले!"

"अरे, मग जेवलास कशाला?"

"इत्ता मोहब्बत से खिलाए, ना कैसा बोलता?"

बाप रे, मग आत कोण?

धावलो. पोरानं फ्रीज रिकामा केलेला. वांगी, दूध, कोथिंबीर, सगळं फरशीवर. आणि तो खाली बसून कप्पे पुसतोय! तेवढ्यात मिलिंद आला आणि किंचाळलाच, "आबा! हाच तो येमेनचा मुलगा!"

पोराला वाटलं, खोली हवी तर इथं आधी हेच करावं लागत असेल. तोही मुकाट करत राहिला!

मी हात जोडले. "हौ, हौ, हौ! खोली तुझीच, बाबा!"

मिलिंदनं त्याला ते इंग्रजीत सांगितलं. पोरगा खूश व्हायला नको? पण त्यानं फडकं पिळलं, माझ्याकडं बघितलं आणि हळूच मिलिंदच्या कानाशी लागला.

"काय म्हणतोय रे?"

मिलिंदला हसू आवरेना. "विचारतोय, हे आबाही याच घरात राहतात का?"