उन्हाकडं पाठ

दुपारची जेवणं आटोपलीत. इंदुमती साळोखे हॉलमध्येच लवंडतात. डोळे मिटतात, पण पापण्यांच्या आतही समोरची भिंत दिसत राहते. त्या भिंतीवर फ्रेम आहे आणि फ्रेममध्ये त्यांच्या नवऱ्याची, बाजीरावांची, गोलकीपरची जर्सी. पेठेच्या संघानं फायनल मारली त्या संध्याकाळी सगळ्या गड्यांनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. बाजीराव गेल्यावर मुलानं मोठ्या हौसेनं ती मढवून दर्शनी भिंतीवर लावली. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन रोज थेट तिच्यावर येतं. केशरी रंग विटून ताकात हळद कालवल्यासारखा झालाय. सह्या पुसट होत चालल्यात. बाजीरावांच्या सहीतला तर नुसता ‘बा’ उरलाय.

“आई, मार्करनं गिरवूया का?” सकाळी सून स्नेहल म्हणाली होती. “पुन्हा ठसठशीत होतील.”

इंदुमतीबाई ‘संध्याकाळी सांगते’ एवढंच म्हणाल्या.

पंखा घरघरतोय. ती घरघर हळूहळू लांबून येणाऱ्या गर्दीच्या आवाजासारखी होते. त्या डोळे उघडतात, की उघडले असं वाटतं. फ्रेम रिकामी आहे. आणि जर्सी अंगात घालून बाजीराव त्यांच्या पायाशी मांडी घालून बसलेत. केस काळेभोर, पोट अजून सुटायचंय.

इंदुमतीबाई दचकत नाहीत. त्यांना हसूच फुटतं.

“अहो, ही अंगात शिरली कशी?”

“शिरली की. आत काचेला पार चिकटली होती बघ. घाम येतो गं तिथं. काच आणि कापड यांच्यात जरा वारं ठेवायला सांग.”

“ते सांगते. पण सह्या चालल्यात त्याचं काय? तुमची तर गेल्यातच जमा. स्नेहल म्हणते, गिरवूया.”

बाजीराव छातीवरची एक सही बोटानं दाखवतात. “ही आमच्या संघातल्या गुंडाची. चहा पिता पिता केली. हसत होता लेकाचा, म्हणून शेपटी बघ कशी वर उडालीय. गिरवलीस तर शेपटी राहील, गुंडा जाईल. मग ती सही तुझी.”

“मग काय, ट्रंकेत घालू घडी करून?”

“आणि बघणार कोण? कसर?”

दोघं हसतात. हसता हसता इंदुमतीबाईंच्या लक्षात येतं, आपण फरशीवर नाही, तांबड्या मातीवर बसलोय. रिकामी फ्रेम रुंद होत होत गोलपोस्ट झालीय. मागं जाळी आहे. पायऱ्यांवर अख्खी पेठ बसलीय, कुणी छत्री उघडून, कुणी डोक्यावर टॉवेल टाकून. खालच्या पायरीवर मिसळवाल्याचं पातेलं उकळतंय. त्याच्याशेजारी आपलाच गॅस, आपलाच कुकर, आणि कुणालाही त्याचं नवल नाही.

बाजीराव गोलमध्ये जाऊन उभे राहतात. ऊन त्यांच्या तोंडावर येतं. ते डोळ्यांवर हात धरतात.

“इंदू, टॉस जिंकला की मी कॅप्टनला काय सांगायचो?”

ते उत्तर इंदुमतीबाईंना झोपेतही पाठ आहे. मॅचच्या आदल्या दिवशी बाजीराव घरात दुसरं बोलायचेच नाहीत. “उन्हाकडं पाठ येईल ती बाजू घे म्हणून.”

“आणि मला कुठं टांगलंय तुम्ही?”

इंदुमतीबाईंचा हात आपसूक तोंडावर जातो. “अगं बाई! रोज दुपारी तोंडावर ऊन!”

“दोन वर्षं गं! हाफ-टाइमला बाजू तरी बदलायची.”

“आतल्या खोलीच्या दारालगतची भिंत आहे. तिथं ऊन पोचत नाही. जाता-येता सगळ्यांना दिसेलही. कुणी आलं की दिवा लावू, गेलं की बंद.”

“झ्याक! आणि उरलेला ‘बा’ बास झाला मला. तू हाक मारायला एवढं पुरतं की.”

इंदुमतीबाईंचे डोळे भरून येतात. तेवढ्यात बाजीराव टाळी वाजवतात. मातीत चेंडू ठेवलेला आहे.

“मार.”

“काय मार? मी जन्मात कधी चेंडूला पाय लावलाय का?”

“जन्मभर मैदानाशेजारच्या गच्चीवरनं ओरडलीस. ‘अहो, डावीकडं बघा, डावीकडं!’ सगळ्या मैदानाला ऐकू जायचं. आता मारून दाखव.”

पेठ ओरडायला लागते. इंदुमतीबाई पदर खोचतात, निऱ्या वर घेतात. लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. चार पावलं मागं जातात, धावतात आणि जीव खाऊन लाथ हाणतात. बाजीराव उजवीकडं झेपावतात. चेंडू डावीकडून जाळीत.

“सोडला ना मुद्दाम?” त्या धापा टाकत विचारतात.

मातीत आडवे पडलेले बाजीराव मान हलवतात. हसून हसून त्यांना बोलता येत नाहीये. “आईशप्पथ नाही! गेला, इंदू, खरंच गेला!”

गर्दीची पुन्हा घरघर होते. पंखा फिरतोय. जर्सी फ्रेममध्ये आहे, आणि ऊन तिच्या गळ्यापर्यंत चढलंय.

इंदुमतीबाई उठून आधी खिडकीचा पडदा ओढतात. “स्नेहल! तो मार्कर राहू दे. हातोडी आण. ही फ्रेम आत दारालगत घ्यायची. आणि फ्रेमवाल्याला बोलव, काच जरा पुढं सरकवून घेऊ.”

हातोडी घेऊन आलेली स्नेहल उंबऱ्यातच थबकते. “आई, अंगठ्याला काय झालं तुमच्या?”

त्या खाली बघतात. उजव्या पायाचा अंगठा टम्म सुजलाय, नखाखाली काळंनिळं झालंय. झोपल्या होत्या तिथं पायाशी ना भिंत, ना कपाट, ना पाट. नुसती मोकळी फरशी.

“पेनल्टी मारली,” त्या म्हणतात.

स्नेहल क्षणभर त्यांच्याकडं बघते, मग भिंतीवरच्या जर्सीकडं.

“मग? गेला का आत?”

“कोपऱ्यातनं,” इंदुमतीबाई म्हणतात, आणि लंगडत लंगडत स्टूल आणायला जातात.