केबलमधल्या विटा

मे महिन्यात आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत आमच्या टॉवरला वीज आणणाऱ्या नव्या केबल जमिनीत घालायचं काम निघालं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. मी इलेक्ट्रिकलची इंजिनिअर. ऑफिसचं काम घरून करत होते, पण दर थोड्या वेळाने लॅपटॉप सोडून बाल्कनीत. बाबा, म्हणजे माझे सासरे, आतून विचारायचे, अगं, तुझ्या बघण्याने चर सरळ होणार आहे का? होणार नव्हता. तरी मी जात होते.

कारण आतल्या खोलीत त्यांचं ऑक्सिजनचं मशीन चालू असायचं. लाइट गेली तर सोसायटीचा जनरेटर होता, पण जनरेटरची वीजही याच केबलमधून वर येणार. केबलच जळली तर? छोटा सिलिंडर होता घरात, तो किती पुरणार! आणि हे मशीन घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. बाबांची तशी सक्त ताकीद होती. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आयुष्य काढलं, कधी कुणापुढे रडगाणं गायलं नाही, आता म्हातारपणी इथे 'बेचारे अंकल' व्हायचं नाही, म्हणायचे. मी तसा शब्द देऊन बसले होते.

सकाळी काम छान दिसत होतं. तळाला वाळू, तिच्यावर चार केबल शेजारी शेजारी, आणि दर दोन केबलमध्ये एक वीट. केबल तापते, तिची उष्णता मातीत जायला मोकळी जागा लागते. चिकटून पडल्या तर एकमेकींना भाजून काढतात. सेक्रेटरी साहेबांनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, लोकांनी वाहवा केली.

दुपारी बघते तर विटा पुढे निघालेल्या. मागच्या तुकड्यातल्या उचलायच्या, पुढच्यात लावायच्या, तिथे फोटो. आणि मागे वाळू पडायच्या आधीच चारही केबल घरंगळून एका अंगाला गोळा. वरून सरळ माती. माझं डोकंच फिरलं. दारात बाबांच्या चपला होत्या, त्याच पायात सरकवून खाली धावले.

सेक्रेटरी साहेबांना म्हटलं, हे उघडा. ते गोड हसले आणि म्हणाले, भाभीजी, सगळं जमिनीच्या आत आहे, कोण बघतंय? ठेकेदार म्हणाला, सगळीकडे असंच करतात. मी समजावत होते, घरोघरी एसी लागले की या केबलचं काय होईल ते सांगत होते, आणि फावडी चालूच होती. वर एक माणूस याच विजेवर श्वास घेतोय, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. नुसती चरफडत उभी राहिले.

तेवढ्यात लिफ्टमधून बाबा बाहेर आले. नाकात नळी, हातात छोटा सिलिंडर, पाय अनवाणी. फावडी आपोआप थांबली. चराच्या काठापर्यंत येऊन त्यांनी दम घेतला.

"मैं मशीन पे हूँ," ते सेक्रेटरी साहेबांना म्हणाले. "ये केबल गई तो मैं गया. खोलिए."

साहेबांनी मान खाली घातली आणि ठेकेदाराला हाताने खूण केली. माती वर यायला लागली. मी बाबांना म्हटलं, आता घरी चला, सिलिंडर संपेल. तर म्हणे, विटा लागून वाळू पडेपर्यंत मी हलायचा नाही. मी सिलिंडरच्या काट्याकडे बघायची, मग चराकडे, परत काट्याकडे. मजुरांचे हात मला फार सावकाश चालल्यासारखे वाटत होते.

गेटवरच्या गार्डने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. एरवी कुणी खुर्ची पुढे केली की बाबा चिडायचे, मी काय म्हातारा झालोय? त्या दिवशी त्यांनी जमलेल्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि बसले. ते बसले, आणि मला रडू आवरेना.