फ्लॅट ३०४ च्या नावे आलेला टीव्ही

ओव्हाळबाई आमच्या शेजारी राहायला आल्या, त्या दिवशी सामान लावायच्या आधी त्यांनी दारावर पाटी लावली. पितळेची पाटी, वर ३०४ आणि खाली 'कुसुम ओव्हाळ'. मी ३०३ मध्ये राहतो. दार उघडं होतं म्हणून विचारलं, "काही मदत करू का?"

"लांबून बघून सांगा भाऊ, सरळ आहे का."

मी म्हणालो, सरळ आहे. पाटी डावीकडे कललेली होती. मला कुणाला तोंडावर काही सांगता येत नाही, आणि पुढच्या हकिगतीत माझा वाटा साधारण एवढाच आहे. दुसऱ्या दिवशी बाईंनी पाटी स्वतःच सरळ केली आणि त्याबद्दल मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

बाईंनी अडतीस वर्षं रेल्वे मेलच्या कचेरीत टपाल निवडलं. 'धायरी, मारुतीच्या देवळामागे, पत्र्याचे घर' एवढ्यावर त्या पत्र मार्गी लावत. पत्ता ही वस्तू त्यांच्या दृष्टीनं देवापेक्षा थोडी वर होती, आणि देवाचा त्यांच्याकडे तसाही प्रश्न नव्हता. त्यांचे वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आले होते. स्वतःचा पत्ता मात्र त्यांना उशिरा मिळाला. त्याआधी अकरा भाड्याच्या खोल्या झाल्या. आडनाव सांगितलं की खोली पुष्कळदा 'कालच दिली' असायची. निवृत्तीचे पैसे आणि मुलीची, दीपालीची मदत यांतून धायरीतला हा फ्लॅट झाला. त्यांच्या जुन्या कचेरीतले निवृत्त लोक दरवर्षी नऊ ऑक्टोबरला, जागतिक टपाल दिनाला, कुणाच्या तरी घरी जेवायला जमतात. बाई इतकी वर्षं दुसऱ्यांकडे जात. यंदा पहिल्यांदा त्यांच्याकडे जमायचं ठरलं होतं.

आता सोसायटीचे सचिव रंगनाथ खळदकर यांच्याविषयी. ते पाचव्या मजल्यावर ५०४ मध्ये राहतात. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते, अक्षर छापल्यासारखं. प्रवेशद्वाराशी एक फळा होता, त्यावर ते खडूनं सूचना लिहीत. 'लिफ्टमध्ये सायकल आणू नये. सायकलला चाके आहेत.' अशा. मग दुसऱ्या मजल्यावरच्या योगेशनं, तो खराडीला नोकरी करतो, घरी मोठा टीव्ही घेतला आणि जुना सोसायटीला देऊन टाकला. जुना म्हणजे दोनच वर्षांचा, ओएलईडी, पंचावन्न इंची. तो फळ्याच्या जागी भिंतीवर लागला आणि फळा मीटरच्या खोलीत गेला. खळदकर आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांना कळलं की टीव्हीवरची सूचना रात्रीही दिसते.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला योगेशच्या गाडीवर कबुतरांची घाण पडू लागली. खळदकर खाली आले, मान वर केली. तिसऱ्या मजल्यावर, ३०४ च्या खिडकीखाली एसीचं बाहेरचं यंत्र आहे, त्यावर कबुतरांची सभा भरलेली. चौकशी तिथंच संपली. संध्याकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत सूचना आली:

'फ्लॅट क्र. ३०४ यांनी कबुतरांना खाद्य घालणे त्वरित बंद करावे. — सचिव'

टीव्ही अधूनमधून आपोआप मंद होई. ते खळदकरांनी योगेशकडून बंद करून घेतलं, कारण लोकांचं वाचन अर्धवट राहतं. कुणी वीज वाचवायला बटण बंद करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, 'बंद करू नये'.

याच सूचनेची कागदी प्रत बाईंकडे गेली. त्यांनी ती लाल शाईनं शेरा मारून पाठवली: 'पत्ता चुकीचा. पाठवणाऱ्यास परत.' खळदकरांनी ती फायलीत लावली. बाई त्यांना लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा मी तिथं होतो.

"मी कबुतरांना काही घालत नाही. माझा नंबर काढा."

"कबुतरं हटली की सूचना हटेल," खळदकर म्हणाले.

"आणि मी घालतच नसेन तर ती हटणार कशी?"

"ते आपण बघायचं."

बाईंनी जाळी लावली. कबुतरं जाळीवर बसू लागली. येणारा-जाणारा, दूधवाला, कुरियरवाला सगळे ३०४ वाचून वर जात. एकानं तर बाईंना कबुतरवाल्या आजी म्हटलं. मीही रोज ती सूचना वाचत होतो. मला वाटत होतं की बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत, पण माझ्या वाटण्यावर माझा फारसा भरवसा नसतो.

मार्चमध्ये बाईंनी चौकशी हातात घेतली. रोज सकाळी त्या एसीच्या यंत्रावर एक कोरा कागद बांधून ठेवत आणि तासातासाला बघत. आठव्या दिवशी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात कागद होता, त्यावर भाताचा एक घासभर गोळा.

"वास घ्या भाऊ."

मी घेतला. वरणभात होता.

"वर तूप आहे. लिंबूही पिळलंय. कबुतरांना दाणे घालणारा माणूस लिंबू पिळत नाही. रोज पावणेएकला वरून पडतो. ४०४ वाले दोन वर्षं परदेशात आहेत. राहिलं कोण?"

मी छताकडे पाहिलं. "चला," बाई म्हणाल्या, "साक्षीला माणूस लागतो. तुम्ही काही बोलू नका, तुम्हाला ते जमतं."

५०४ चं दार खळदकरांच्या पत्नीनं, मुक्ताईंनी उघडलं. खळदकर खिडकीशी उभे होते. जेवायला बसण्याआधी पानातला पहिला घास त्यांनी कठड्यावर ठेवला, हात जोडले आणि वळले तर आम्ही दोघं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"कावळ्याचा घास आहे हा!" खळदकर म्हणाले. "रोज ठेवतो. कबुतरांचा काय संबंध?"

"कावळे येतात?"

"येतात की. म्हणजे... हल्ली कमी झालेत."

"मग घास खातं कोण?"

खळदकरांनी कठड्याकडे पाहिलं. घास अर्धा घसरला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत उरलेलाही खाली गेला. खालून पंखांचा आवाज आला.

"मी दहा वर्षं सांगतेय," मुक्ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कठडा उतरता आहे, उतरता आहे. पण ह्यांनी खात्यात आयुष्यभर उतार काढले ना, ह्यांना घरचा दिसत नाही."

खळदकर खुर्चीत बसले. "आईसाठी ठेवतो हो," ते हळू म्हणाले.

बाई म्हणाल्या, "ठेवा ना. आमच्यात ठेवत नाहीत, पण आई मलाही होती. खोलगट ताटलीत ठेवा, आतल्या बाजूला. आणि माझा नंबर काढा."

"उद्या दिलगिरीही लावतो. पडद्यावर. मोठ्या अक्षरात."

"तोंडानं सांगितलंत तरी चालेल."

"तोंडाचं काय राहतं? पडद्यावरचं राहतं," खळदकर म्हणाले. हे त्यांचं वाक्य मला नंतर पुष्कळदा आठवलं.

दुसऱ्या दिवशी, गुढीपाडवा होता, त्यांनी चिकटपट्टी काढली आणि दिलगिरी लावली. या वेळी पांढऱ्या पडद्यावर निळी अक्षरं. पांढरा रंग सद्भावनेचा म्हणून. पडदा पांढरा झाला आणि दिलगिरीच्या मागे, चहाचे डाग असावेत तशा रंगात, जुनी सूचना उभी राहिली. फ्लॅट क्र. ३०४ पासून सचिवपर्यंत, एक काना गळला नव्हता. चौथीतली स्पृहा खेळायला निघाली होती, तिनं दोन्ही सूचना एकत्र मोठ्यानं वाचल्या: "दिलगिरी व्यक्त करणे त्वरित बंद करावे." गुढी उतरेपर्यंत सगळ्या इमारतीला ते पाठ झालं.

योगेशला बोलावलं. "टेन्शन नका घेऊ काका, ही नुसती इमेज रिटेन्शन, म्हणजे आधीच्या चित्राची छाया असेल. स्विच ऑफ केला की टीव्ही रात्रीतून स्वतःच पॅनेल क्लीन करतो."

"मग आजवर का नाही केलं त्यानं?"

"तुम्ही स्विचला टेप लावली होती ना."

तीन रात्री टीव्ही बंद ठेवला. चौथ्या दिवशी सावली तशीच. मग हडपसरहून आनंद नावाचा मेकॅनिक आला. त्यानं पडदा लाल, हिरवा, पांढरा करून पाहिला.

"नुसती छाया असती तर गेली असती. हा डाग आहे. या टीव्हीत प्रत्येक ठिपका म्हणजे एक दिवा. जिथं अक्षरं होती तिथले दिवे साडेचार महिने सलग जळून म्हातारे झाले. बाकीचा पडदा काळा होता, ते दिवे अजून तरणे आहेत. त्यामुळं फरक दिसतो."

"उपाय काय?" बाईंनी विचारलं.

"पॅनेल बदलायचं, म्हणजे नवीन टीव्ही घेतल्यासारखंच. नाहीतर बाकीच्यांनाही म्हातारं करायचं. तीच सूचना उलट्या रंगात लावा, पडदा पांढरा, अक्षरं काळी. तेवढेच दिवस. अक्षर न् अक्षर त्याच जागी पाहिजे."

"म्हणजे माझ्यावरचा आळ पुसायला तोच आळ आणखी साडेचार महिने लावायचा."

"हो, पण उलटा."

"उलटा रंग होतो, आळ नाही."

"मग टीव्हीच उतरवू," मी म्हणालो. या प्रकरणात मी स्वतःहून केलेली ही एकमेव सूचना.

"देणगीची वस्तू आहे. सभेच्या ठरावाशिवाय इथून काढता येत नाही," खळदकर म्हणाले. "सभा सप्टेंबरात."

"आणि उतरवला तर लोकांच्या डोक्यात आळच राहील," बाई म्हणाल्या. "नऊ ऑक्टोबरला माझी माणसं या दारातून येणार आहेत. त्या दिवशी इथं दिलगिरी पाहिजे, स्वच्छ. लावा उलटी सूचना. पण टीव्हीचं तोंड भिंतीकडे."

तसं झालं. टीव्ही टेबलावर उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला, मध्ये वीतभर जागा सोडून. वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा तो जवळजवळ सहा महिने उभा होता आणि सोसायटीची सूचना रात्रंदिवस भिंतीला वाचून दाखवत होता. कडांमधून पांढरा उजेड येई. फळा मीटरच्या खोलीतून परत आला. खळदकर पुन्हा खडूनं लिहू लागले आणि, मला वाटतं, मनातून खूश होते. कबुतरंही गेली. ५०४ च्या खिडकीत आता खोलगट ताटली असते.

ऑगस्टच्या मध्याला उलटी सूचना थांबवायची होती. पण त्याआधी खळदकर मुलीकडे, उत्कर्षाकडे नाशिकला गेले आणि तिथं पाय मुरगळून दीड महिना राहिले. जाताना त्यांनी खबरदारी म्हणून बटणावर नवी चिकटपट्टी लावली होती: 'बंद करू नये'. ओव्हाळबाई त्या वेळी दीपालीच्या बाळंतपणासाठी नागपूरला. मला उजेड रोज दिसत होता. तारीख उलटल्याचंही ठाऊक होतं. पण लिहिलेलं होतं, बंद करू नये.

सप्टेंबरच्या अखेरीला सगळे परतले आणि टीव्ही वळवला. पडदा करडा केला. डाग गेला होता. त्याच्या जागी, त्याच अक्षरांत, चकचकीत उजळ सूचना होती. फ्लॅट क्र. ३०४ यांनी.

"दीड महिना जास्त झाला," आनंद म्हणाला. "आता बाकीचे म्हातारे झाले आणि अक्षरं तरणी राहिली."

"मग परत सुलटी लावली तर?" खळदकरांनी विचारलं.

"चालेल की. पण या वेळी कॅलेंडर बघा."

खळदकर लंगडत बाकावर बसले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, तेच मला जास्त लागलं. बाई मात्र पडद्यासमोर उभ्या होत्या, चष्मा पुसून एकेक अक्षर वाचत. मग हसायला लागल्या. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अहो खळदकर, अडतीस वर्षं हेच केलं मी. ज्यावर ३०४ लिहिलंय ते ३०४ ला पोचवायचं. द्या पाठवून वर."

सभेत ठराव एकमतानं झाला. योगेश आणि आनंदनं टीव्ही उचलला, खळदकरांनी लिफ्टचं दार धरलं. बाईंनी फळ्यावर खडूनं पोच लिहिली: 'एक टीव्ही मिळाला. कुसुम ओव्हाळ, ३०४.'

नऊ ऑक्टोबरला बाईंकडे चौदा माणसं जेवायला होती. खाली फळ्यावर खळदकरांच्या टपोऱ्या अक्षरात स्वागत लिहिलेलं होतं, लिफ्ट कुठल्या बाजूला आहे यासकट. बाईंनी त्यांना, मुक्ताईंना आणि मलाही बोलावलं होतं. जेवणं झाली, खिरीच्या वाट्या फिरल्या. बाई एरवी क्रिकेट बघत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मॅच लावली. पडदाभर हिरवं मैदान आलं आणि मैदानावर, खेळाडूंच्या पायांखाली, उजळ अक्षरं उमटली.

त्यांचे जुने सहकारी उत्तरेश्वर चाकोते चष्मा सावरत पुढे झाले. टपाली माणूस, वाचल्याशिवाय राहणार कसा. त्यांनी मोठ्यानं वाचलं, पूर्ण. खोलीत चौदा चमचे थांबले.

"कुसुम," ते म्हणाले, "तू कबुतरांना घालतेस?"

बाई खिरीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या आणि खळदकरांकडे बघतही नव्हत्या. मुक्ताई मात्र बघत होत्या.

खळदकरांनी वाटी खाली ठेवली. उभे राहिले. पाय अजून बरा झाला नव्हता, म्हणून खुर्चीला धरलं.

"त्या नाही," ते म्हणाले. "मी घालत होतो. चौकशी न करता नाव यांचं लावलं. चूक माझी."

"असं होय," चाकोते म्हणाले, आणि परत मैदानाकडे वळले. "कोण खेळतंय?"

बाईंनी खळदकरांच्या वाटीत आणखी खीर वाढली.