वाचून दाखवले

ज्या ऑफिसात मी बारा वर्षं काळा कोट घामानं भिजवला, तिथे वकील अकरा होते आणि पंखे सहा. वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या गावी एका छताखाली अकरा वकील म्हणजे कारखानाच. कोर्टात आम्हाला 'कंपनी' म्हणत, थोडं कौतुकानं आणि बरंचसं जळून. शिवाय दोन टाइपिस्ट होते आणि एक मुन्शी. मुन्शीजींना कोणत्या कपाटातल्या कोणत्या गठ्ठ्यात कोणाचा सातबारा आहे हे झोपेतही सांगता आलं असतं.

सकाळी साडेआठला सर डायरी वाचायला बसत. आज कोणाची तारीख कुठे, कोण आर्वीला, कोण हिंगणघाटला, कोण इथेच जिल्हा कोर्टात. हिंगणघाट ज्याच्या वाट्याला येई त्याचं तोंड उतरे, कारण तिथल्या बाररूममध्ये दुपारी अंडं ठेवलं तर उकडून निघावं. सर आमच्या ऑफिसचे मालक. साठीला आलेले, ठेंगणे, ऑफिसात आमच्याशी वऱ्हाडीत बोलणारे आणि कोर्टात उभे राहिले की शब्द निवडून टाकणारे. त्यांना मी कधी पक्षकाराला उभं ठेवून बोलताना पाहिलं नाही. खुर्ची रिकामी नसेल तर आमच्यापैकी कोणाला तरी उठवत. पहिल्या वर्षी मी रोज उठायची, आणि रोज चिडायची.

ऑफिसचा एक नियम होता, त्यावरून बाकीचे वकील आमची टिंगल करत. कोणताही मसुदा पक्षकाराच्या सहीआधी त्याला शब्दन् शब्द वाचून दाखवायचा, आणि वाचताना पंखा बंद करायचा. आमचे पंखे जुने, खडखडणारे. खेड्यातून आलेला माणूस 'ऐकू नाही आलं' म्हणायला लाजतो आणि मान डोलावतो, असं सरांचं म्हणणं. मग त्या माणसानं ते आपल्या बोलीत परत सांगायचं. ते जुळलं की वकिलानं मसुद्याच्या खाली स्वतःच्या हातानं लिहायचं, 'वाचून दाखवले, बरोबर आहे', आणि सही करायची. कायद्यात असं काही सांगितलेलं नव्हतं. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करून अर्धा तास मोठ्यानं वाचणं काय असतं, ते ज्यानं वाचलं त्यालाच ठाऊक.

आता माझ्याविषयी थोडं. मी आर्वीची, दुकानदाराच्या घरची. कायदा शिकायला नागपूरला गेले तेव्हा होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मी काल बजारात गेलतो." आमच्याकडे बायाही 'गेलतो, येतो, जातो'च म्हणतात. खोलीतली पुण्याकडची मुलगी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पुढे महिनाभर सगळा मजला मला 'गेलतो' म्हणून हाक मारी. त्या महिन्यात मी माझी भाषा घासूनपुसून काढली, घरच्या भांड्याची कल्हई निघावी तशी. ऑफिसात माझे मसुदे सर्वांत शुद्ध म्हणून ओळखले जात, आणि मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला सांगू, भलताच होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. मार्च संपत आलेला. रोहण्याकडची एक मावशी आली. पन्नाशीची, दंडावर विळ्याची जुनी खूण, नवरा गुडघ्यानं बसलेला म्हणून शेती तीच पाहणारी. शेजाऱ्यानं तिच्या शेतात जायची वाट अडवली होती.

"म्याडम, माह्या वावरात जाचा रस्ता त्याच्या धुऱ्या-धुऱ्यानं हाये," ती म्हणाली. "माहे सासरे त्यानंच बंडी नेत. आता त्यानं काट्या टाकल्या. मिरीग लागाच्या आत रस्ता नाई भेटला तं मी बी अन् खत काय डोक्यावर नेऊ?"

धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्दीची पट्टी. बैलगाडीला म्हणतात बंडी, मृगाला मिरीग. हे मला शिकवायची गरज नव्हती, आर्वीच्या बाजारात हे शब्द भाजीपाल्यासारखे पडलेले असतात. पण दाव्यात 'धुरा' लिहायचं? मला तो शब्द होस्टेलमधल्या हसण्यासारखा ऐकू आला. मी ऐटीत लिहिलं, 'वादीचा वहिवाटीचा रस्ता प्रतिवादीच्या शेतातील बांधावरून जातो.' पुस्तकी मराठीत धुऱ्याला बांधच म्हणतात. माझं काही चुकत नव्हतं, असं मला वाटत होतं.

मसुदा टाइप होऊन आला त्या दिवशी संध्याकाळी चुलतबहिणीची हळद होती. चारची आर्वीची एसटी पकडायची होती. घामानं ओली होऊन हळदीला कशी जाऊ? पंखा चालूच राहू दिला. "मावशी, तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय," म्हटलं आणि सहीची जागा दाखवली. तिनं एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं. मी खाली लिहिलं, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' एसटी पकडली. हळद छान झाली.

तीन आठवड्यांनी समोरच्या बाजूचा जबाब आला. 'प्रतिवादीच्या शेतात नाल्यालगत एकच बांध असून तो सरकारी योजनेत झालेला आहे. त्यावर बाभळी माजलेल्या असून बंडी काय, शेळीही जाऊ शकत नाही. सबब वादीचे कथन खोटे आहे.' तिकडे नाल्यावर पाणी अडवायला घातलेल्या मातीच्या भिंतीलाच बांध म्हणतात, आणि हद्दीच्या पट्टीला धुरा. दोन वेगळ्या वस्तू, शेताच्या दोन टोकांना. मी माझ्या शुद्ध मराठीनं मावशीची बंडी उचलून बाभळीत नेऊन ठेवली होती.

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागायला नऊ दिवस होते. सुट्टी संपेपर्यंत मृग लागणार. म्हणजे एकच तारीख हातात, आणि दाव्यात रस्ता चुकीचा.

आमच्यातला सर्वांत जुना वकील शांतपणे म्हणाला, "घाबरतेस काय? दुरुस्तीचा अर्ज दे. टंकलेखनातील चूक. रोज मंजूर होतात."

टाइपिस्टकाका ऐकत होते. तीस वर्षं मशीनवर बसलेला माणूस, त्यांच्या कागदावर खाडाखोड शोधून सापडत नसे. "लिहा न माह्या नावानं," ते म्हणाले. "टाइपिस्टच्या डोक्यावर सारेच फोडतात. माह्यं काय जाते?"

आणि मी लिहिलं. आजही लाज वाटते. अर्ज सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, लाल पेन्सिल काढली आणि 'टंकलेखनातील' या शब्दाभोवती गोल केला.

"बेटा, 'धुरा'चा 'बांध' करते असं मशीन कोण्या दुकानात भेटते? मलेही एक घ्याचं हाये."

त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

"तिले वाचून दाखवलं होतं?"

मी नकारार्थी मान हलवली. ते उठले. मला वाटलं आता ओरडणार. ते भिंतीपाशी गेले आणि पंखा बंद केला. परत येऊन समोरच्या खुर्चीत बसले, पक्षकाराच्या. "वाच. मले वाचून दाखव."

मी तो दावा पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला. हॉलमधली दोन्ही मशीनं थांबली होती. शेवटी माझ्याच अक्षरातली ओळ आली, 'वाचून दाखवले, बरोबर आहे', आणि ती वाचून मी कागद खाली ठेवला. सरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "आता खरं काय झालं ते लिही. पक्षकाराचा शब्द वकिलानं बदलला अन् वाचून दाखवला नाई. खाली तुही सही, मंग माही."

"सर, पण हे लिहिलं तर ते म्हणतील जबाब वाचून गोष्ट बदलली. अर्ज नामंजूर झाला तर तिचा रस्ता जाईल."

"म्हणतीलच. म्हणून मी येतो." एवढंच.

तो जुना वकील बाहेर पुटपुटला, "हात दाखवून अवलक्षण." खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मी सरांवर तासभर मनातून संतापले होते. एक साधं खोटं चाललं असतं, कोणाचंच काही गेलं नसतं. माझं नाव राहिलं असतं, मावशीचा रस्ताही. काकांनी मात्र तो अर्ज टाइप करताना एकदाच वर पाहिलं आणि म्हणाले, "तीस साल में पहली बार कुणी मशीनले निर्दोष सोडलं."

आर्वीचं कोर्ट. माझ्या वडलांचं दुकान तिथून दोन गल्ल्यांवर. कोर्टात निम्मे लोक मला फ्रॉकमधली असल्यापासून ओळखणारे. सर तालुक्याच्या कोर्टात सहसा येत नसत, त्यामुळे ते दिसताच बाररूम रिकामी होऊन दारात उभी राहिली. मावशी मागच्या बाकावर, पदर दातात धरून. तिला मी सकाळी सगळं सांगितलं होतं. ती रागावली नव्हती. "मंग आता काय होईन, म्याडम?" एवढंच तिनं दोनदा विचारलं होतं.

मी अर्ज वाचला, माझी चूक माझ्या तोंडानं. समोरचे वकील हसत उठले. "साहेब, आमचा जबाब पोचला आणि रस्ता शेताच्या या टोकाहून त्या टोकाला सरकला! असा चालता रस्ता आम्ही प्रथमच पाहतो." लोक हसले.

न्यायाधीश तरुण होते, पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी अर्ज पुन्हा पाहिला. "धुरा म्हणजे? धुरा म्हणजे जबाबदारी ना?"

सर उठले. "आमच्याकडे धुरा म्हणजे शेताची हद्द, साहेब. पण आज दोन्ही अर्थ लागू आहेत. वाट धुऱ्यावरून जाते, आणि चुकीची धुरा आमच्या ऑफिसची आहे, या बाईंची नाही. त्यांनी पहिल्या दिवसापासून एकच शब्द सांगितला. तो आम्ही बदलला."

मी त्यांच्याकडे पाहत होते. जिल्ह्यातला सर्वांत मोठा वकील, ज्याला त्या खोलीत कोणी जाबही विचारला नसता, तो 'आम्ही' म्हणत होता. त्या क्षणी माझा सगळा संताप विरघळून गेला, आणि त्या जागी जे आलं ते अजून तिथेच आहे.

न्यायाधीशांनी समोरच्या वकिलांना विचारलं, "तुमच्या पक्षकाराच्या शेताला धुरा आहे का?" वकील कागद चाळू लागले. तेवढ्यात मागून खुद्द शेजारीच बोलला, अगदी अपमान झाल्यासारखा. "म्हंजे? बिनाधुऱ्याचं वावर राह्यते का कुठी, साहेब?"

"आणि या बाई त्यावरून बंडी नेत होत्या?"

"नेत होती न! म्हणूनच तं काट्या टाकल्या!"

त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. शेजाऱ्याला काय बिघडलं तेच कळेना. तो खोटं बोलणारा माणूस नव्हताच. बांधाबद्दल विचारलं तेव्हा त्यानं बांधाबद्दल खरं सांगितलं होतं, धुऱ्याबद्दल विचारलं तेव्हा धुऱ्याबद्दल. दुरुस्ती मंजूर झाली. सुट्टीच्या तीन दिवस आधी हुकूम निघाला की काट्या काढाव्या आणि निकालापर्यंत बंडी अडवू नये.

दुरुस्त दावा मी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली मावशीला वाचून दाखवला. तिथे बंद करायला पंखा नव्हता. सर जवळच्या बाकावर ऊन डोळ्यांवर घेऊन बसले होते. 'धुरा' शब्द आला तसा मावशीनं दातातला पदर सोडला. संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "आता मीच बोलून राह्यली असं वाटते." तिनं सही केली. मी माझी ओळ लिहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती लिहिताना प्रत्येक शब्द वाचला.

पुढे कॉम्प्युटर आले, पंख्यांच्या जागी कूलर लागले, आणि मसुदा वाचताना कूलर बंद होऊ लागला. नवीन पोरं कुरकुरत. मी त्यांना काही सांगत नसे, उठून बटण दाबत असे.

पण त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मावशीचा निरोप आला होता, हुरडा खायला ये म्हणून. रोहण्याला एसटीतून उतरले. ती पुढे चालत होती, मी मागे. एका ठिकाणी ती थांबली. नाल्याकाठी मातीची भिंत, तिच्यावर पुरुषभर उंच बाभळी, आत शेळीला वाट नाही. मावशीनं त्याकडे हात केला. इतके महिने मला 'तुमी' आणि 'म्याडम' म्हणणारी ती बाई हसून म्हणाली, "काऊन वं, थांबली? हा पाह्य तुहा रस्ता. जातं का यावरून?"

मी हसले, आणि हसता हसता रडू आलं. मग होस्टेलच्या त्या महिन्यापासून जे तोंडून निघालं नव्हतं ते आपसूक निघालं.

"नाई वं मावशी, मी धुऱ्यानंच येतो."